मागच्या दारातून मावळती

शिरड शहापूर
२२ डिसेंबर २०२४

आत्या,

पाया पडते. सोबत फोटो आहे. आधी तो बघ, मग पत्र वाच.

भाऊबीजेला दादा आणि मी तुझ्याकडे आलो होतो, तेव्हा तू माझ्या मोबाइलमधले सगळे सूर्यास्त एकेक करून बघितलेस. निघताना मला न्हाणीपाशी ओढून म्हणालीस, "आपल्या घराच्या मागच्या दारातून दिसतो तसा एक काढ अन् कागदावर धाड." कागदावरच का, हे वाटेत लक्षात आलं. तुला कमी ऐकू येतं म्हणून तुझा स्वप्निल फोन नेहमी स्पीकरवर ठेवतो आणि तुझं माझं बोलणं साऱ्या गल्लीचं होतं. तर हे पत्र. आईच्या आजारपणात मी तुझ्याकडे राहिले, शाळेच्याही आधी तूच मला चुलीपुढे बसवून अक्षरं शिकवलीस. तेव्हा यात चुका निघाल्या तर अर्ध्या तुझ्या.

फोटो काढायला उशीर झाला, कारण मनासारखा येत नव्हता. मागच्या दारातून पळस एकीकडे आणि सूर्य भलतीकडेच. मग मी शेतात उतरले आणि उजवीकडे चालत राहिले. पार जळबाकाकांच्या शेतातल्या आखाड्याच्या कुंपणापाशी पोचले तेव्हा कुठे सूर्य बरोबर पळसाच्या दोन फांद्यांच्या दुबेळक्यात आला. हरभऱ्यात पाय पडू नये म्हणून सरीसरीनं चालले, तरी दोनतीन डहाळे मोडलेच. ते दादांना सांगून टाकलं.

आई म्हणते, "रोज तोच सूर्य, रोज तीच दिशा, आन् ही रोज नव्यानं मान वर करती. बगळ्यावानी."

फोटो कसा वाटला ते खरं सांग.

तुझी
मंजू


पुसेगाव
३ जानेवारी

मंजे,

फोटो चांगला आहे. कॅलेंडरवर शोभेल. पण मी सांगितला तो न्हाई.

विहीर कुठं गेली? मागच्या दारातून बघितलं की पळसाच्या डाव्या अंगाला विहीर दिसती. तुझ्या फोटोत विहीर न्हाई, म्हणजे तू दारात न्हाई. तुला मी दारातून काढ म्हणाले होते, तू जळबाच्या आखाड्यावर काहून गेली? सूर्याला अन् पळसाला एका पाटावर बसवून लगीन लावायचं होतं काय?

उंबऱ्यात उभी राहा. उजवीकडं न्हाई, डावीकडं न्हाई. जसं दिसंल तसं काढ. वाकडं दिसलं तर वाकडं काढ.

घर बांधताना तुझ्या बापानं, संतरामनं, मागचं दार हालवलं तर न्हाई ना? तेवढं नीट बघून कळव.

माझा गुडघा आहे तसाच आहे. डॉक्टर म्हणतो चाला, गुडघा म्हणतो बसा. मी गुडघ्याचं ऐकते.

आत्या


शिरड शहापूर
१९ जानेवारी २०२५

आत्या,

पाया पडते. तुझं पत्र वाचून कान गरम झाले. मी उजवीकडे चालत गेले ते सुंदर दिसावं म्हणून, फसवायचं मनात नव्हतं. पण तुला हवं होतं ते न देता मला आवडलं ते दिलं, हे खरंच.

दार जागेवरच आहे. दादांना विचारलं. वरचे पत्रे जाऊन स्लॅब आला, पण मागचं दार आणि उंबऱ्याचा दगड त्यांनी हलवू दिला नाही. गवंडी म्हणत होता दार मधोमध घ्या, तर दादा म्हणाले, "हाय तिथंच राहू दे." तेव्हा ते काळजी करू नकोस.

हा फोटो उंबऱ्यातूनच काढला आहे. पण बघ ना, किती बेंगरूळ! पळस समोर मधोमध, आणि सूर्य पार डावीकडे, विहिरीच्याही पलीकडे.

तो काढताना केवढा गोंधळ झाला! आई दिवा घेऊन आली आणि ओरडलीच. "तिन्हीसांजेला उंबऱ्यात? लक्षुमी यायची येळ, आन् ही दारात खांबावानी!" मी म्हणाले, आत्यानंच सांगितलंय. तर आई म्हणाली, "द्वारकाक्का असं सांगायच्याच न्हाईत." आणि ते खरंच आहे आत्या. मी लहान असताना तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसले की तू मला दंडाला धरून उठवायचीस. मग आता मलाच तिथे उभी राहा का म्हणतेस?

घरची बातमी एवढीच की दादा शेततळं खोदणार आहेत. मागच्याच शेतात, पलीकडच्या बांधाला, धुऱ्याला लागून. आधी पळसापाशी ठरलं होतं, उताराचं सगळं पाणी तिकडंच जातं म्हणून. पण जेसीबीवाला मुन्ना जागा बघायला आला त्या दिवशी दादांनी एकदम बदललं. आता धुऱ्याच्या उजव्या टोकाला, दगडांची रास आहे ना, तिथे. मुन्ना म्हणाला, "मामा, पाणी इकडं वाहतंय अन् तुमी खड्डा तिकडं घेऊन राहिले." दादांनी नुसती राशीपाशी खूण करून दिली. हरभरा निघाला, हळद झाली, की आखिती, म्हणजे ३० एप्रिलची अक्षय्य तृतीया, झाल्यावर काम सुरू करायचं आहे.

तुझी
मंजू


पुसेगाव
२ फेब्रुवारी

मंजू,

दार बराबर आहे. विहीर बराबर आहे. सूर्य चुकलाय.

उत्तरायण दक्षिणायन मलाही ठाऊक आहे. पण एवढा सरकतो हे माझ्या ध्यानात न्हाई आलं. इथलं आमचं दार पूर्वेला. मावळतीला भिंत. इतक्या वर्षांत मावळता सूर्य मी असा एका जागी उभी राहून बघितलाच न्हाई.

या दारातून पळसावर कधी येतो ते बघ. तवा काढ. घाई न्हाई.

उंबऱ्याचं विचारलंस. तुझ्या मायचं बराबर आहे. पण तू उभी राहा.

आत्या


शिरड शहापूर
२३ मार्च २०२५

आत्या,

पाया पडते. सापडला!

फेब्रुवारीभर मी रोज उंबऱ्यातून बघत होते. सूर्य रोज थोडाथोडा उजवीकडे सरकत होता. आधी विहिरीच्या पलीकडे, मग विहिरीच्या रहाटावर, मग विहीर आणि पळसाच्या मध्ये. आईनं ओरडणं सोडलं. आता ती दिवा घेऊन आली की नुसतं म्हणते, "झालं का तुजं? सरक." होळी झाली आणि या आठवड्यात तो बरोबर पळसावर आला. आणि पळस कसला फुललाय! पान एक नाही, सगळा लालभडक. फुलांच्या मागे सूर्य गेला तेव्हा मला फोटो काढायचं भानच राहिलं नाही. पहिल्या दिवशी नुसती बघत बसले, दुसऱ्या दिवशी काढला.

वारंगा फाट्यावर कुलदीपभाऊंच्या स्टुडिओत छापायला नेला, तर ते म्हणाले, "ताई, थोडा केशरी मारू का? आकाश फिकं वाटतंय." मी नको म्हणाले. ते म्हणाले, "अहो, लोक पैसे देऊन मारून घेतात, मी तुम्हाला फुकट मारून राहिलो." तरी नको म्हणाले. तू जसं दिसतं तसं म्हणाली होतीस. त्यांनी आणखी एक प्रत काढून दुकानाच्या काचेला लावली आहे. खाली माझं नाव आहे. मला आनंद झाला आणि लगेच भीतीही वाटली, कुणी विचारलं तर काय सांगायचं?

दादांनी हा फोटो पाहिला. अंगणात शिजवलेली हळद पसरत होते, हात पिवळे. हात धोतराला पुसून त्यांनी फोटो घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. "कोणाला धाडतीस?" म्हणाले. मी म्हणाले, आत्यानं मागितलाय. त्यांनी फोटो परत दिला आणि पुन्हा हळद पसरायला लागले. मला वाटलं त्यांना आवडला नाही.

आता तरी झाला ना तुझा फोटो?

तुझी
मंजू


पुसेगाव
३० मार्च, पाडवा

मंजू,

फोटो आला. दोन दिवस उशीखाली ठेवला. असाच बघितला होता मी. हाच पळस, असाच त्याच्यामागं सूर्य. फक्त फुलं नव्हती.

अन् मग काल भाजी निवडताना माझ्या डोक्यात आलं की हा मार्च महिना आहे.

तुला आता सांगते. तू मोठी झालीस. हे मी कोणालाच सांगितलं न्हाई, स्वप्निललाही न्हाई.

स्वप्निलच्या आधी मला एक लेकरू झालं होतं. पोरगी. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आले होते, आपल्याच घरी, मागच्या खोलीत. पाचवी पुजायच्या आधीच ती गेली. त्या दिवशी पंधरा ऑगस्ट होता. सकाळी पोरं झेंड्याला जाताना घोषणा देत होती, त्या मला ऐकू येत होत्या अन् पोरगी माझ्या कुशीत होती. दिवस मावळता मावळता तुझे आजोबा, आबा, अन् दोघं भावकीतले तिला घेऊन मागच्या दारातून गेले.

बाळंतिणीला जाऊ देत न्हाईत. कुठं ठेवलं तेही सांगत न्हाईत. सांगितलं की माय तिथंच जाऊन बसती, तिचा जीव अडकतो, म्हणून. मी खाटेवरून उठून भिंतीला धरत उंबऱ्यापर्यंत गेले. पाऊस उघडला होता, सूर्य निघाला होता. शेतात ज्वारी छातीइतकी. नुसती त्यांची डोकी दिसत होती, ती सरळ सूर्याकडं चालली होती. धुऱ्यापाशी गेली. धुऱ्यावरच ठेवतात, नांगर लागू नये म्हणून. मग डोकी खाली गेली, एकदम. ज्वारीच्या खाली. काय केलं, कसं ठेवलं, मला दिसलं न्हाई. वर आली तवा हात रिकामे होते का तेही दिसलं न्हाई. माय मागून आली अन् मला आत ओढलं. म्हणून तुला उंबऱ्यातून उठवायचे मी.

नंतर सव्वा महिना खाटेवर होते. रोज मावळतीला दार उघडं ठेवायला लावायचे. सूर्य जिथं बुडतो तिथं माझं लेकरू, एवढंच मला ठाऊक. शेवटच्या दिवशी सासरी निघाले तवा दारात उभी राहिले. सूर्य पळसावर होता. मी हात जोडले अन् मनात पक्कं केलं, पळसाखाली आहे. तवापासून रोज संध्याकाळी इथं भिंतीकडं तोंड करून मी त्या पळसाखाली जाते.

अन् तू म्हणतीस सूर्य रोज सरकतो. सव्वा महिन्यात किती सरकला असंल गं? मी रोज बघत होते अन् मला कळलं न्हाई. तो माझ्या लेकराला घेऊन सरकत गेला अन् मी त्याच्यामागं गेले.

पंधरा ऑगस्टला या दारातून सूर्य कुठं बुडतो, तेवढं मला सांग. तवर माझं मन कुठं ठेवू मला कळून न्हाई राहिलं.

संतरामला यातलं काही बोलू नको. तो बारका होता. तुला माझी शपथ.

आत्या


शिरड शहापूर
८ एप्रिल २०२५

आत्या,

पाया पडते. चार वेळा लिहायला बसले आणि चारही कागद फाडले. तू भिंतीकडे तोंड करून बसायचीस ते मला आठवतंय. मी विचारायचे तर म्हणायचीस, "जप करून राहिले." मी तुझ्या पाठीला पाठ लावून बसायचे.

मला काय कळलं आहे ते सांगते. आणि काय कळलेलं नाही तेही सांगते, कारण यात चूक झाली तर ती कुणालाच पुन्हा सुधारता येणार नाही.

पंधरा ऑगस्टपर्यंत थांबायची गरज नाही. सूर्य जूनमध्ये उजव्या टोकाला जाऊन परत फिरतो. जाताना जिथून गेला तिथूनच परत येतो. म्हणजे ऑगस्टच्या मध्याला जिथे मावळतो, तिथेच तो एप्रिलच्या अखेरीसही मावळतो. मी खात्री म्हणून कुलदीपभाऊंच्या कॉम्प्युटरवर तारखा काढून बघितल्या. कशासाठी ते त्यांना सांगितलं नाही. आखितीच्या आगेमागेच तो दिवस येतो.

आणि तो पळसावर नसणार. आत्ताच तो पळस सोडून उजवीकडे निघाला आहे. आखितीपर्यंत कुठे जाईल याचा अंदाज मी रोज घेते आहे. तो दगडांच्या राशीकडे चालला आहे. धुऱ्याच्या उजव्या टोकाला. जिथे दादा शेततळं घेणार आहेत. मुन्नाला आखितीनंतरचा दिवस दिला आहे.

मी काय करू? तुझी शपथ आहे म्हणून दादांना सांगता येत नाही. न सांगावं तर जेसीबी येईल. काहीतरी खोटं कारण काढून काम थांबवावं असं एकदा मनात आलं, पण मला खोटं बोलता येत नाही, हे तूच सगळ्यांना हसून सांगतेस. शिवाय मी चुकत असले तर? तुझा पळस मी काढून घेतला आणि त्या बदल्यात दगडांची रास दिली, आणि तीही खरी नसली तर? पळस निदान झाड तरी होता.

तू शपथ परत घे, किंवा मला सांग की गप्प बस. तू सांगशील ते मी करीन. पण लवकर लिही.

तुझी
मंजू


पुसेगाव
१४ एप्रिल

मंजू,

शपथ सोडवली. सांग त्याला.

पण आधी त्याला एक विचार. तू जानेवारीत लिहिलं होतंस की त्यानं पळसापाशी तळं घ्यायचं ठरवलं अन् मग बदललं. मी तवा तुझ्या सूर्याच्या फोटोतच अडकले होते. आता पत्र पुन्हा काढून वाचलं. पाणी पळसाकडं जातं हे शेंबड्या पोराला ठाऊक. मग संतरामनं जागा काहून बदलली? दार काहून हालवू दिलं न्हाई? तू विचारलंस का त्याला?

पळस गेला तर जाऊ दे. खोट्या जागेची मला सवय झाली असंल, पण खऱ्या जागेवर मशीन चालली तर मला इथं बसून कळंल. मी येत न्हाई. गुडघ्यासाठी न्हाई. त्या दारात मी पुन्हा उभी राहू शकत न्हाई.

आत्या


शिरड शहापूर
२ मे २०२५

आत्या,

पाया पडते. हा फोटो आधी बघू नकोस. या वेळी पत्र आधी वाच.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी दादा ओसरीवर हळदीची पोती शिवत होते. मी समोर बसले. विचारलं, "दादा, तळ्याची जागा तुम्ही का बदलली?"

"काहून?"

"पाणी तर पळसाकडं जातं."

त्यांनी सुई पोत्यात खोचली. "पळसाखाली खंदायचं न्हाई."

"पण का?"

"तिथं आक्काचं लेकरू हाय."

मग ते मला म्हणाले, "तुला कोणी सांगितलं न्हाई ना? आक्कापाशी काढू नको. तिला वाटतं कोणालाच ठाऊक न्हाई."

मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? ते म्हणाले, "सांगतंय कोण? मी बारका. झेंड्यावरून लाडू घेऊन आलतो, तर मायनं दारातूनच जळबाच्या घरी धाडलं. रात्री परत आनलं. खोलीत जायचं न्हाई, म्हणली. मला काही कळलं न्हाई. मग आक्का सासरला निघाली तवा मागच्या दारात उभी राहिली अन् पळसाला हात जोडले. मी तिच्या पदराला धरून होतो. मला तवा समजलं."

ऐकतेस ना? दादांना पळस कुणीच सांगितला नव्हता. तुझ्याकडूनच त्यांनी तो घेतला होता. म्हणूनच त्यांनी मागचं दार हलवू दिलं नाही, पळसाची फांदी कधी तोडू दिली नाही, त्याच्या बुडाशी कधी वखर नेला नाही. आणि म्हणूनच तळं पळसापासून लांब नेलं. नेमकं दगडांच्या राशीपाशी.

मी म्हणाले, "दादा, आत्यानं पळसाला हात जोडले नव्हते. सूर्याला जोडले होते."

मग सगळं सांगितलं. फोटो समोर मांडले. डिसेंबरचा, जानेवारीचा, मार्चचा, आणि एप्रिलचा. ते उठून मागच्या दारात गेले आणि उंबऱ्यात उभे राहिले. आई आतून म्हणाली, "आता बाप बी?" मग त्यांचं तोंड बघून परत चुलीकडे वळली.

मुन्नाला त्यांनी त्याच वेळी फोन लावला. तळं आता विहिरीच्या अलीकडे, डाव्या सखलात होणार आहे. मुन्ना म्हणाला, "मामा, दर वेळेला जागा बदलून राहिले तुमी. मशीन आणू का पाळणा आणू, इकडंतिकडं हालवायला?" तो आपला सहज बोलला. दादांनी फोन कानापासून लांब धरला.

मी म्हणाले, आता पळसापाशी खोदलं तरी चालेल की, पाणी तिकडंच जातं. दादा म्हणाले, "राहू दे त्याला. इतकी वर्षं हात जोडून घेतले त्यानं."

आता आखितीचं. लेकराची जागा उंबऱ्यातून बघून तिथे खूण करायचं ठरलं होतं.

खरा दिवस दोन दिवस आधीच येत होता. मी दादांना म्हणाले, आखितीपर्यंत सूर्य पाऊलभर तरी सरकेल, आधीच करू. दादा म्हणाले, "आखितीलाच करू. पाऊलभर लेकरू समजून घेईल." मला ते पटायला वेळ लागला. शेवटी मी दोन दिवस आधी उंबऱ्यातून बघून ठेवलं आणि जागा मनात धरली, म्हणजे तेवढी तरी चूक राहू नये.

आखितीला आईनं गेलेल्या आबांच्या आणि आजीच्या नावानं मातीच्या केळी पाण्यानं भरल्या. मग तिनं एक बारकी केळी काढली, गडूएवढी. लेकराच्या नावानं केळी भरत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. मी तिच्याकडे बघितलं तर ती म्हणाली, "माजं तोंड काय बघतीस? आपल्याच घरातलं हाय. तहान लागत नसंल का त्येला?" आणि संध्याकाळी दिवा घेऊन आली तेव्हा मला सरक म्हणाली नाही. दिवा माझ्या पायापाशी ठेवला आणि मागे उभी राहिली.

दादा केळी घेऊन शेतातून निघाले. हरभरा निघून गेलाय, सगळं काळं रान मोकळं. मी उंबऱ्यात उभी राहून त्यांना फोनवर सांगत होते. अजून उजवीकडं. अजून थोडं. थांबा. सूर्य बरोबर त्यांच्या पाठीमागे आला. मी मनात धरलेली जागा मात्र त्याच्या एक पाऊल डावीकडे होती. मी म्हणाले, दादा, एक पाऊल डावीकडं. ते सरकले. आणि मग त्यांनी केळी ठेवली. तेव्हा मी फोटो काढला. एकच.

कुलदीपभाऊंनी केशरीचं विचारलं नाही. त्यांनी नुसतं विचारलं, "हे कोण?" मी म्हणाले, माझे वडील.

माझ्या हातून एक पाऊल इकडे तिकडे झालं असेल, तर ते पाऊल माझं समज. बाकी जसं दिसलं तसंच आहे. आता फोटो बघ.

तुझी
मंजू


पुसेगाव
१० मे

मंजू,

तू सांगितलंस तसं पत्र आधी वाचलं. फोटो संध्याकाळी काढला.

संतराम म्हातारा दिसायला लागला. धोतर तेवढं आबांसारखं नेसतो. पहिल्यांदा मला आबाच वाटले.

तुझ्या पावलाचं तू मनाला लावून घेऊ नको. एक पाऊल म्हणजे किती? पोटाशी धरलेलं लेकरू एवढं तेवढं सरकतंच.

त्या दिवशी ज्वारी होती गं. डोकी तेवढी दिसली, मग तीही खाली गेली. त्याच्या पुढचं मला कधीच दिसलं न्हाई. रात्र रात्र मी तेच बघायचे. घाईनं ठेवलं का, दिवस बुडतोय म्हणून. एका हातानं ठेवलं का. जड काही उतरवून टाकतात तसं खाली सोडलं का. पुरुष माणसं, त्यांना काय विचारणार अन् कोण सांगणार.

तुझ्या फोटोत ज्वारी न्हाई. संतराम डोक्यापासून पायापर्यंत दिसतो. गुडघे टेकलेत त्यानं. दोन्ही हातांनी धरलंय अन् पाठ अशी हळू वाकवली आहे की खालचं हालू नये. मी भिंग घेऊन बघितलं. हातातलं काय ते सूर्याच्या उजेडात दिसत न्हाई. नुसते हात दिसतात, अन् त्यांच्यात काहीतरी बारकं.

तसंच ठेवलं असंल तिला. मी आता तसंच धरते.

स्वप्निलला फोटो दाखवला. तो म्हणाला, मामा काय करून राहिले? मी त्याला बसवून सगळं सांगितलं.

संतरामला म्हणावं, भाऊबीजेला येशील तवा घाई करू नको, दोन दिवस राहा. तुझ्या मायला माझा नमस्कार सांग. केळीचं मी विसरणार न्हाई.

अन् तू आता तिन्हीसांजेला उंबऱ्यात उभी राहू नको. दिवा आत ने.

आत्या